पिसवांवरचं औषध

मावळातल्या कान्हे गावी आमच्या घरी त्या वर्षी जो येईल तो पिसवांवर औषध सांगून जाई. कुणी विचारलेलं नसे. मीठ मागायला आलेली बाई उंबऱ्यात उभी राहून पायावर पाय घासायची, खाली बघायची आणि म्हणायची, "आगं, लयच झाल्यात की तुमच्याकडं. निरगुडीचा पाला का न्हाई टाकत?" आई तोपर्यंत पंधरा दिवस निरगुडीचाच पाला टाकत होती. गोधडीखाली पाला, पोत्यांखाली पाला, चुलीच्या मागं पाला. सकाळी उठलं की अंगाला त्याचा उग्र वास यायचा आणि पोटऱ्यांवर लाल ठिपके असायचेच. आई भाकरी थापताना एका पायाच्या अंगठ्यानं दुसरा पाय खाजवायची आणि त्या नादात भाकरी एका बाजूला जाड व्हायची. तांदळाची ती वाकडी भाकरी आणि वालाचं कालवण पुढ्यात आलं की दादा, म्हणजे माझे वडील, काही बोलत नसत. फक्त भाकरी वर धरून गोल फिरवून बघत. आई त्यावर म्हणायची, "मंग तुमी थापा. मी बसते खाजवत."

घरात माणसं मोजकी. दादा, आई, मी, माझा आठ महिन्यांचा भाऊ बाळू, आणि दादांची थोरली विधवा बहीण, माझी आत्या. आत्याचा एकुलता मुलगा नामा पलटणीत होता. लढाई संपली होती, पण तो अजून बाहेरच कुठं तरी होता आणि महिना-दोन महिन्यांनी त्याचं पत्र यायचं. ते वाचून दाखवायचं काम माझं. मला शाळेत घालायचं की नाही यावर घरात जी भांडणं झाली ती आत्यानं जिंकली होती. "एक तरी वाचणारं मानूस घरात असूंद्या," हा तिचा मुद्दा. त्यामुळं शाळेतून आले की आधी भाकरी नाही, आधी पत्र. पत्र नसेल त्या दिवशी जुनंच पुन्हा वाचायचं. तेरा वर्षांची होते मी, आणि मला वाटायचं की या घरात अक्कल असलेली मी एकटीच आहे.

जनावरांपैकी बैल गोठ्यात, त्यांचं काही नाही. त्रास दोघांचा. एक कुत्रा, फौजदार. हे नाव दादांनी ठेवलेलं, कारण तो सबंध दिवस काहीही न करता दारात बसून सगळ्यांवर गुरगुरायचा. भात पोटरीला आलं की मात्र डुकरं शेतात उतरू न देणारा तोच. पहाटे तो कान खाजवायला लागला की त्याचं मागचं पाऊल दाराच्या फळीवर धप धप आपटायचं आणि त्या आवाजानं सगळं घर उठायचं. दुसरी चिमी, आत्याची मांजर. बियाण्याच्या कणगीवर झोपायची ती. तिच्यामुळं आंबेमोहराचं बी उंदरांपासून वाचायचं, हे दादासुद्धा कबूल करत. त्या वेळी तिला तीन पिल्लं होती, नुकती डोळे उघडलेली. म्हणजे दोघंही घरात हवीच होती, आणि दोघांच्याही अंगावर गोचीड आणि पिसवा यांची जत्रा भरलेली.

उपाय काय कमी केले? दादांनी तंबाखू उकळून ते पाणी फौजदारला चोळलं. त्यानं ते चाटलं आणि ओकला, नेमका देवळात जायला निघालेल्या शेजाऱ्याच्या पायावर. मग करंजाचं तेल. तेल लावलेला कुत्रा उन्हात घातलेल्या गोधड्यांवर लोळला आणि पुढचा महिनाभर आम्ही सगळे करंजाच्या वासात झोपलो. आत्यानं सीताफळाच्या बिया कुटल्या, ती पूड उडून आईच्या डोळ्यांत गेली आणि दोन दिवस आईचे डोळे सुजून बंद. कुणी सांगितलं रॉकेल चोळा. रॉकेल तेव्हा रेशनवर. आई म्हणाली, "दिव्यात घालू का कुत्र्यावर वतू, येकदा काय ते सांगा." प्रत्येक औषध सांगणारा शपथेवर सांगायचा की त्याच्या घरी एका दिवसात फरक पडला. मग त्याच्या घरी जाऊन बघावं तर तोही खाजवतच बसलेला असायचा.

हे सगळं कुत्र्यावर. चिमीला मात्र आत्यानं कुणाला हात लावू दिला नाही. "मांजराच्या अंगाला लावलं की त्ये मांजराच्या पोटात जातं," ती म्हणायची. "दिसभर सोताला चाटत बसतंय जनावर. मी काय येडी हाय का त्याला काय बाय फासायला?" आणि मग ती चिमीला मांडीवर घेऊन नखांनी एकेक पिसू मारत बसायची. आत्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिच्याकडं ही समज होती. आता तळेगावला नातवाकडं असते मी. त्याच्या कुत्र्याला मानेवर टाकायचे थेंब मिळतात, गळ्यातला पट्टा मिळतो, गोळी मिळते. दुकानात उभं राहून मी चष्मा लावून खोक्यावरचा बारीक छाप शेवटपर्यंत वाचते. नातू वैतागतो, "आजी, चल ना, दुकानदारानं सांगितलंय ना." त्याला काय सांगू! कुत्र्याच्या त्या थेंबांवर आजही ठळक लिहिलेलं असतं की मांजराला लावू नये. आत्याला ते कुठंही छापलेलं नसताना ठाऊक होतं.

पुढचं सगळं बाळूच्या कानावरून झालं. दीड दिवस ते पोर रडत होतं. शेजारीण म्हणाली दात येतायत. दुसरी म्हणाली नजर लागली. आत्यानं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या नेहमीसारख्या तडतडल्या, बाळू रडतच राहिला. शेवटी आई त्याला पाजायला दारात उन्हाला बसली आणि तिला त्याच्या कानाच्या आत काहीतरी दिसलं. फुगलेलं, राखाडी, एरंडाच्या बीसारखं. गोचीड. आई ओरडलीच. आत्यानं गोडं तेल कोमट करून थेंब थेंब सोडलं आणि नखांच्या चिमटीत धरून हळूच ती उपटली. बाळू गप्प झाला, उचक्या देत झोपला. दादा दारात उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "येत्या बाजाराच्या दिसापतुर ह्यांचा बंदोबस्त झाला तर ठीक. न्हाईतर कुत्रं आन मांजर, दोनी इंद्रायनीपल्याड सोडून येतो."

"आन डुकरं कोन हाकंल?" आई म्हणाली.

"मी हाकीन."

"आन उंदरं?" आत्या म्हणाली. "तीबी तूच धर."

दादा काही न बोलता निघून गेले. ते न बोलता गेले की सांगितलेलं करतात, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी माझा मामा आला. मामा लोणावळ्याला एका साहेबाच्या बंगल्यात खानसामा होता, आणि साहेब जे करतो ते सगळं बरोबर, अशी त्याची खात्री होती. पिशवीतून त्यानं दोन पाव काढले, आणि मग एक पत्र्याचा गोल डबा. डब्यावर लांब कानांच्या कुत्र्याचं चित्र आणि भोवती सगळी बारीक इंग्रजी अक्षरं. आत पांढरी पावडर. "सायबाच्या दोन कुत्र्यांना लावली," मामा म्हणाला. "दुसऱ्या दिशी पिसू दावा म्हनलं तर मिळंना. तुमी कुत्र्याला लावा, मांजराला लावा, सगळं येकच. जनावर त्ये जनावर."

"तुजा सायब मांजर पाळतो का?" आत्यानं विचारलं.

"न्हाई."

"मंग तुला काय म्हाईत?"

मामा चिडला. म्हणाला, ही विलायती चीज आहे, तुमच्या सीताफळाच्या बिया नव्हेत. आत्या डबा हातात फिरवत म्हणाली, "ह्येच्यावर कुत्र्याचं चित्र हाय. मांजराचं कुटं हाय?" दादा म्हणाले, कशाला काथ्याकूट, लावून टाका. आई म्हणाली, वन्सं म्हणतात तर विचारून घेऊ. शेवटी आत्यानं डबा माझ्या हातात दिला. "इंदे, मास्तराकडं जा. त्येला विंग्रजी येतं. म्हनावं, मांजराला चालतं का त्येवढं वाचून सांगा."

मास्तरांचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडं. मी डबा घेऊन निघाले. ऊन होतं, पायाला खाज होती, फाटकापाशी लांबलचक मालगाडी जाईपर्यंत उभं राहावं लागलं. मास्तरांच्या दाराची कडी लावलेली नव्हती, पण आत त्यांची बायकोच होती. "ते वडगावला गेलेत. संध्याकाळच्या गाडीनं येतील. डबा ठेवून जा हवा तर." मी म्हटलं नको. थोडा वेळ त्यांच्या ओट्यावर बसले. डब्यावरची अक्षरं बघितली. मराठी मी फडाफडा वाचायची, पण ही किड्यांसारखी एकाला एक चिकटलेली होती. मग उठले आणि परत आले.

दारातच चौघं वाद घालत होते. मामाची गाडीची वेळ झाली होती आणि डबा परत न्यायचा होता, नाहीतर साहेब विचारेल, असं तो म्हणत होता. दादा म्हणत होते, उद्या बाजार. आई बाळूला कडेवर घेऊन म्हणत होती, "येक दीस थांबलं तर काय आभाळ पडतंय का?" फौजदार धप धप खाजवत होता. मला बघताच सगळे एकदम बोलले. "काय म्हनला मास्तर? काय म्हनला?"

मी खोटं बोलायचं ठरवून आले नव्हते. एवढ्या वर्षांनी हे लिहिताना स्वतःची बाजू मांडायला बरंच काही सुचतं, पण खरं एवढंच की मी वैतागले होते. मास्तर नाहीत म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं, पुन्हा मामाचा साहेब, पुन्हा आत्याची मान हलणं, पुन्हा दादांचं ते गप्प बसणं, आणि संध्याकाळी पुन्हा मलाच रुळांपलीकडं पिटाळलं असतं. तोंडातून निघून गेलं, "दोघांनाबी चालतं."

सगळे एकदम गप्प झाले. ती शांतता मला फार बरी वाटली, हे अजून आठवतं.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "नीट वाचलं न्हवं त्यानं?"

"व्हय."

"मंग ठीक." तिनं चिमीला मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हातानं पावडर चोळली. मानेला, पाठीला, पोटाखाली पिल्लं पितात तिथपर्यंत. जे काम तिनं कुणालाही करू दिलं नव्हतं ते माझ्या एका शब्दावर केलं. उरलेला डबा दादांनी फौजदारवर ओतला, मामासाठी तळाशी थोडी ठेवली, आणि मामा म्हणाला की एवढीशी परत नेऊन काय करू, डबा आता राहू दे, साहेबाला सांगतो हरवला. गाडीची वेळ गाठायला तो पळतच गेला.

फौजदारच्या अंगावरून पिसवा तीळ सांडावेत तशा पडल्या. दादा खूश. सकाळी उठून बघते तर चिमी कणगीवर नव्हती. ती चुलीच्या कोपऱ्यात होती, तोंडातून लाळ गळत होती, कान थरथरत होते आणि पाठीवरची कातडी पाण्यावर वारा आल्यासारखी सारखी हलत होती. उठायला गेली की मागचे पाय कोलमडायचे. पिल्लं तिच्याकडं सरपटत येत होती आणि तिला ती दिसतच नव्हती. आत्यानं एका टोपलीत फडकं टाकलं, चिमीला ठेवलं, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल. वडगावला गुरांचा दवाखाना हाय."

वाटेनं आम्ही दोघी जवळजवळ पळतच गेलो. आत्या अधूनमधून टोपलीत बघायची आणि चालायची. मास्तर चुकला असंल का, एवढं एकदाच म्हणाली. मी पाय उचलून तिच्या पुढं झाले.

दवाखान्यात डॉक्टर गावोगावी बैलांना लस टोचायला गेलेले. कंपाउंडर होता, खाकी चड्डीतला, डोक्याला टक्कल पडलेला. टोपलीत बघून तो हसला. "बाई, बैल आणतात इथं. मांजर घेऊन आलेलं मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय." पण आत्या हसली नाही तेव्हा तोही थांबला. डबा हातात घेऊन त्यानं ओठ हलवत वाचलं, मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय, छापलेलंच आहे की. फक्त कुत्र्यांसाठी. मांजराला लावू नये. चाटल्यास विष. हे कुणी लावायला सांगितलं?"

"आमच्या मास्तरानी वाचलं," आत्या म्हणाली. "चालतं म्हनला."

"कोण मास्तर? त्याला एबीसी तरी येतं का? पोरं शिकवतो आणि हे वाचता येत नाही? बोर्डाकडं तक्रार करा त्याची."

तो मग मला साबण आणि कोमट पाणी आणायला सांगून चिमीला धुवायला लागला. चांगला माणूस होता, फार हळुवार हात होता त्याचा. तेल लावू नका म्हणाला, तेलानं विष आत शिरतं. अंधारात ठेवा, ऊब द्या, पिल्लं लांब ठेवा. वाचेल का, आत्यानं विचारलं. तो म्हणाला, काल रात्रीच धुतली असती तर. मी साबणाचं पाणी हातात घेऊन उभी होते, आणि माझ्या कानांत फक्त बोर्डाकडं तक्रार एवढंच घुमत होतं.

परत येताना कान्ह्याच्या वेशीशी आत्या घराकडं वळली नाही. ती रुळांकडं निघाली. मी विचारलं, कुठं? "मास्तराकडं. भर वस्तीत विचारते त्येला. पोरांफुडं विचारते." तिचा आवाज चढला होता, टोपली एका हातात, पदर कमरेला खोचलेला. आत्याचं तोंड सुटलं की गाव जमा व्हायचं. फाटक ओलांडलं, ओटा दिसला, आत मास्तरांचा खोकल्याचा आवाज आला. ती पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात मी तिचं लुगडं मागून धरलं.

"आत्या, मास्तर घरी न्हवते."

ती वळली. "आत्ता खोकला की."

"काल. काल न्हवते. मी कुनालाच इचारलं न्हाई."

तिला समजायला वेळ लागला. तिनं टोपली खाली ठेवली, ओट्यावर बसली आणि माझ्याकडं बघत राहिली. मार बसेल असं वाटून मी डोळे मिटले. मार बसला नाही. "न्हवता तर न्हवता म्हनायचं हुतं," ती म्हणाली. "त्येवढंच म्हनायचं हुतं, इंदे. सांजच्याला गेलो असतो. पिसवा काय कुटं पळून चालल्या हुत्या?" तेवढ्यात मास्तर बाहेर आले, काय झालं म्हणून विचारायला लागले. आत्या म्हणाली, "काय न्हाई. चालून चालून पाय दुकले म्हनून टेकले."

चिमी तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. दादांनी परसात शेवग्याखाली खड्डा काढला. ते आत्याला म्हणाले, "आक्का, मीच घाई केली." आत्या म्हणाली, "समद्यांनीच केली." माझं नाव तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. ते मीच संध्याकाळी आईला सांगितलं, आणि आईनं भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं दोन थोबाडीत दिल्या, ज्यांची मी तीन दिवस वाट बघत होते. पिल्लांना मी कापसाची वात शेजारच्यांच्या शेळीच्या दुधात बुडवून पाजली. एक मेलं, दोन जगली. आणि कुत्र्याच्या नि पिल्लांच्या अंगावरून रोज सकाळी उवांच्या फणीनं पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाकायच्या, गोचीड चिमटीत धरून उपटायची, हे काम आईनं माझ्याकडं दिलं. पोती उन्हात, गोधड्या उकळत्या पाण्यात, जमीन दर दोन दिवसांनी सारवायची. माझी बोटं साबणानं भेगाळली. मार्गशीर्षापर्यंत पिसवा संपल्या. माझ्या फणीनं संपल्या की थंडीनं, कुणास ठाऊक. पण शेजारणी विचारायच्या, काय लावलं गं, आणि काही लावलं नाही म्हटलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही.

मधे नामाचं पत्र आलं. मी ओट्यावर फौजदारचा कान धरून बसले होते. आत्यानं पोस्टमनकडून पत्र घेतलं, हात पुसून मी उठले, आणि ती माझ्या शेजारून गेली. पत्र मुठीत धरून रुळांकडं, मास्तरांकडं. पुढचंही तसंच. ती रागावलेली नव्हती. मला वाढायची, वेणी घालायची, जवळ घेऊन झोपायची. फक्त कागद माझ्याकडं येत नव्हता. आई एकदा म्हणाली, "वन्सं, घरात पोर असताना येवडं लांब कशाला जाता?" आत्या म्हणाली, "पाय मोकळं हुत्यात."

उन्हाळा लागायच्या सुमाराला आणखी एक पत्र आलं. मी चुलीपाशी आंबील ढवळत होते. आत्या आत आली, माझ्या शेजारी पाटावर बसली आणि पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. मी हात तीनदा पुसले. अक्षर कुणा दुसऱ्याचं होतं, शाई पाण्यानं पसरलेली. मी सावकाश वाचायला लागले. नामा खुशाल होता. जेवण बरं मिळत होतं. रजा मंजूर झाली होती, बोटीनं निघणार होता, आणि ज्या बंदराला उतरणार होता त्याचं नाव नेमकं डागात गेलं होतं. मी ते उजेडाकडं धरलं, वाकडं करून बघितलं. दोन-तीन नावं सहज बसवता आली असती. आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हा शब्द मला लागत न्हाई," मी म्हणाले.

"लागत न्हाई?"

"न्हाई."

आत्यानं आंबिलीचा डाव माझ्या हातातून घेतला आणि ती स्वतः ढवळायला लागली. "मंग ऱ्हाऊ दे त्यो," ती म्हणाली. "फुडचं वाच."